उभं राहिलं की कमी भरतं

गेल्या दिवाळीत मी आईला माझं काम दाखवायला बसलो. आई जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात बावीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एरवी आमच्या कामांचा एकमेकांशी काही संबंध येत नाही. या वेळी आला, कारण आमच्या कंपनीकडे एका संस्थेचं काम आलं होतं. लहान मुलांची वजनं-उंच्या मोबाइलवर भरायच्या, त्यातून आपोआप वाढीचा तक्ता तयार व्हायचा आणि वरच्या ऑफिसात तो डॅशबोर्डवर दिसायचा. भरलेली माहिती तपासून चुकीची परत पाठवणारा भाग माझ्याकडे होता. मला तो चांगला जमला होता, असं माझं मत होतं.

फोन आईच्या हातात दिला. तिनं विचारलं, "कोणाचं भरू?"

"कोणाचंही भर. टेस्टिंगच आहे."

"कोणाचंही असं कसं भरू?" असं म्हणून ती आत गेली आणि तिची वही घेऊन आली. एका मुलीची मागच्या महिन्याची उंची तिनं टाकली, ७९.४ सेंटिमीटर. मग या महिन्याची टाकली, ७९.०. पडद्यावर मी लिहिलेलं वाक्य लाल अक्षरात उमटलं : उंची मागील महिन्यापेक्षा कमी असू शकत नाही.

मी म्हणालो, "आई, मोजताना चुकलीस तू. मूल काय आखडतं का?"

आई म्हणाली, "मागच्या महिन्यात आडवी मोजली होती. आता दोन वर्षांची झाली, उभी केली. उभं राहिलं की कमी भरतं."

मी काही बोललो नाही. तीच पुढे म्हणाली, "आणि हे असं अडलं की बाया काय करतील सांगू? मागचाच आकडा टाकतील. मागं तीस पोरं थांबलेली असतात."

हा लेख तिथून सुरू झाला. मी साहित्याचा विद्यार्थी नाही. पण एखादी गोष्ट बारकाईनं वाचायची, ती काय सांगते आणि काय सांगत नाही ते बघायचं, याला समीक्षा म्हणत असतील, तर मला एका तक्त्याची समीक्षा करायची आहे. भारतात कोट्यवधी मुलांबद्दल जे मत बनवलं जातं ते या तक्त्यावरून बनतं. लहान मुलांबद्दल इतका वाचला जाणारा दुसरा मजकूर आपल्याकडे असेल असं मला वाटत नाही.

* * *

आधी माझी चूक नीट सांगतो, कारण ती किरकोळ नव्हती.

दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर आडवं ठेवून लांबी मोजतात. दोन वर्षं झाली की उभं करून उंची मोजतात. त्याच मुलाची उभ्यानं मोजलेली उंची आडव्या लांबीपेक्षा सरासरी ०.७ सेंटिमीटर कमी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात हे लिहिलेलं आहे. चोवीस महिन्यांच्या मुलीसाठी धोक्याची रेषा आडव्या मापात ८०.० वर आहे आणि उभ्या मापात ७९.३ वर. मी तो दस्तऐवज वाचला नव्हता. त्याचा सारांश वाचला होता.

आता माझ्या नियमानं काय होतं ते पाहा. या वयात चांगलं वाढणारं मूल महिन्याला साधारण ०.८ सेंटिमीटर वाढतं. आडव्याचं उभं झालं तरी त्याचा आकडा किंचित का होईना, वरच जातो. माझा नियम त्याला सोडून देतो. जे मूल महिन्याभरात ०.३ सेंटिमीटरच वाढलं, त्याचा आकडा खाली येतो आणि माझा नियम त्याला अडवतो. म्हणजे ज्या मुलाची वाढ रखडली आहे, नेमकं त्याचंच खरं माप मी नाकारत होतो. आईच्या वहीतली मुलगी ७९.० वर होती, रेषेच्या खाली. सेविकेनं वैतागून मागचा ७९.४ टाकला असता, तर ती रेषेच्या वर गेली असती. कागदोपत्री बरी झाली असती.

पुण्याला परत आल्यावर चाचणीसाठी गोळा झालेली माहिती उघडली. तेविसाव्या आणि चोविसाव्या महिन्यात दशांश चिन्हापर्यंत सारखी उंची असलेली मुलं ओळीनं दिसत होती. आई म्हणाली होती तसंच झालं होतं. मी माहिती स्वच्छ ठेवायला नियम लिहिला होता आणि खरं मोजणाऱ्या बायकांना खोटं लिहायला लावलं होतं. वर डॅशबोर्डवर ते अतिशय नीटनेटकं दिसत होतं.

२०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले, तेव्हाची गोष्ट मला आठवली. फोन गरम होतात, बंद पडतात, मेमरी पुरत नाही आणि 'पोषण ट्रॅकर' इंग्रजीत आहे, या त्यांच्या तक्रारी होत्या. मी तेव्हा नोकरीला नुकताच लागलो होतो. बातमी वाचून मित्राला म्हणालो होतो, नव्या गोष्टीला विरोध होतोच. माझी स्वतःची आई सेविका असून मी हे म्हणालो होतो.

* * *

आता तक्त्याकडे येतो.

सध्या वापरात असलेलं मानक जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली प्रसिद्ध केलं. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीच्या सुखवस्तू घरांतली होती. आईनं अंगावर पाजलेलं, घरात धूम्रपान न करणारी आई, आजारपणात उपचार मिळण्याची सोय, अशी मुलं मुद्दाम निवडली होती. त्याआधीचा तक्ता अमेरिकन मुलांच्या मापांवर बेतलेला होता आणि त्यातली दोन वर्षांखालची बरीचशी बाळं बाटलीच्या दुधावर वाढलेली होती.

या अभ्यासातून निघालेली गोष्ट मला आजही थक्क करते. पोटभर मिळालं, आजारपणं आटोक्यात राहिली, तर पहिल्या पाच वर्षांत ओस्लोचं मूल, अक्राचं मूल आणि दिल्लीचं मूल जवळजवळ सारखंच वाढतं. 'आमच्याकडची मुलं मुळातच चणीनं लहान' हे मी लहानपणापासून ऐकत आलो. गावात ऐकलं, कॉलेजात ऐकलं, कंपनीतल्या मीटिंगमध्येही ऐकलं. तक्ता ही पळवाट बंद करतो. मूल कसं असतं हे तो सांगत नाही. मूल कसं असायला हवं होतं हे सांगतो. आणि ते सगळ्या जगासाठी एकच सांगतो. आकड्यांच्या भाषेत समतेबद्दल इतकं ठाम विधान केलेला मजकूर मी दुसरा वाचलेला नाही. म्हणून पुढे मी जे म्हणणार आहे, ते तक्ता फेकून द्या असं नाही.

माझी पहिली हरकत रेषेला आहे. वयाच्या मानानं उंची सरासरीपासून दोन प्रमाण-विचलनांहून जास्त खाली गेली की मूल 'खुजं' ठरतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं अशी निघाली. महाराष्ट्रात ३५.२ टक्के. आधीच्या फेरीत, २०१५-१६मध्ये, महाराष्ट्राचा आकडा ३४.४ होता. आपण श्रीमंत राज्य म्हणवतो, त्या मधल्या वर्षांत या बाबतीत आपण जागेवरच राहिलो. पण हा आकडा वाचताना मनात एक चित्र तयार होतं : शंभरांतली पस्तीस मुलं आजारी, उरलेली पासष्ट ठणठणीत. तसं नसतं. सगळ्या मुलांची मिळून जी टेकडी आलेखावर दिसते, ती सगळीच डावीकडे सरकलेली असते. रेषेच्या जरा वरची मुलंही असायला हवी होती त्यापेक्षा बुटकीच असतात. ७९.२ची मुलगी आणि ७९.४ची मुलगी एकाच पाण्यावर, एकाच खिचडीवर वाढलेल्या असतात. तक्ता एकीला नाव देतो आणि दुसरीला देत नाही.

आमच्या धंद्यात याला थ्रेशोल्ड म्हणतात. थ्रेशोल्ड ठेवला की लोक थ्रेशोल्डसाठी काम करू लागतात, हे कुठलाही प्रोग्रामर सांगेल. मुलांना किंचित रेषेवर ढकललं की टक्केवारी सुधारते. ढकलण्यासाठी मुलाला खायला घालण्यापेक्षा आकडा बदलणं सोपं असतं. माझ्या नियमानं ते कुणाच्याही वाईट हेतूशिवाय घडवून आणलं होतं.

* * *

दुसरी हरकत मोठी आहे. तक्ता मुलाच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो. गोष्ट त्याच्या आधी सुरू झालेली असते.

डायान कॉफी यांनी २०१५ साली एक साधा वाटणारा प्रश्न विचारला : भारतात बाई गरोदर राहते तेव्हा तिचं वजन किती असतं? उत्तर असं आलं की, सुमारे ४२ टक्के बायका गरोदरपणाच्या सुरुवातीला कमी वजनाच्या असतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हेच प्रमाण १६-१७ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि ते देश सरासरीनं आपल्याहून गरीब आहेत. म्हणजे हा फक्त पैशाचा प्रश्न नाही. नवी सून घरात सगळ्यांत शेवटी जेवते आणि नेमकी त्याच वर्षांत तिला पहिलं मूल होतं. तक्त्यावर त्या मुलाचा पहिला ठिपका खाली पडतो. त्या सुनेसाठी तक्त्यात रकाना नाही.

सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ साली दुसरी बाजू दाखवली. भारतातली पहिली मुलं आफ्रिकेतल्या पहिल्या मुलांपेक्षा बुटकी नाहीत. फरक दुसऱ्या मुलापासून सुरू होतो आणि पुढच्या प्रत्येक मुलागणिक वाढत जातो. याचं मूळ त्यांना मुलग्याच्या, त्यातही थोरल्या मुलग्याच्या हव्यासात दिसलं. घरात येणारं दूध, तूप, डॉक्टर, आईचं लक्ष यांची वाटणी सारखी होत नाही. आई हे तिच्या पद्धतीनं सांगते. तिसऱ्या मुलीचं लसीकरणाचं कार्ड घरात सापडत नाही, ती म्हणते. पहिल्याचं पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं असतं.

मग संडासाचा प्रश्न. डीन स्पीअर्स आणि कॉफी यांच्या मांडणीप्रमाणे उघड्यावरच्या विष्ठेतून मुलांच्या पोटात सतत जंतू जात राहतात, आतडं कायम सुजलेलं राहतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. 'खाल्लेलं अंगी लागत नाही' हे मराठीतलं जुनंच वाक्य आहे, त्यामागची यंत्रणा ही. मांडणी पटणारी होती. पण बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथे मोठे प्रयोग झाले, घरांना संडास दिले, हात धुण्याची सोय केली, पाणी शुद्ध केलं. त्यांचे निष्कर्ष २०१८-१९मध्ये आले. या सोयींमुळे मुलांची उंची वाढली नाही. जिथे पूरक आहार दिला तिथे थोडी वाढली. यावरून संडास निरुपयोगी ठरत नाहीत. माझ्या घरी संडास बांधला आणि शेजारच्या चार घरांची पोरं ओढ्याकडेच जात राहिली, कोंबड्या अंगणात तशाच फिरत राहिल्या, तर माझ्या मुलाच्या तोंडात जायचं ते जातच राहतं, असा एक अर्थ काढता येतो. पण मला यातून मिळालेला धडा वेगळा आहे. कारणांची यादी करणं सोपं आहे. त्यातलं एक कारण उचललं की बाकीची तिथेच थांबून राहतील, हे गृहीत धरणं चूक आहे.

डॉ. अभय बंग त्यांच्या व्याख्यानांतून गडचिरोलीतल्या एका बाळाच्या मृत्यूची हकिगत सांगतात. मृत्यूमागची कारणं मोजायला घेतली तर ती अठरा भरली. गरिबी, आईचं कुपोषण, पावसाळा, फुगलेली नदी, न आलेली मदत, अशी एकात एक अडकलेली. आमच्याकडे सर्व्हर पडला की रूट कॉज शोधतात. पाच वेळा 'का' विचारा, मूळ कारण सापडेल, असं शिकवतात. त्या बाळाच्या बाबतीत मूळ असं एक कारण नव्हतं, साखळी होती. आणि डॉ. बंग यांचं म्हणणं असं की, साखळी तोडायला अठराच्या अठरा कड्या तोडाव्या लागत नाहीत, हाताला येईल ती एक तोडली तरी पुरतं. त्यांच्या 'सर्च' संस्थेनं एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला गरम ठेवणं, वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशा कार्यकर्तींकडे गेली.

त्यांच्या एका साधनाबद्दल मला फार आदर आहे : श्वास मोजायची मण्यांची पाटी. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटातले श्वास मोजावे लागतात. गावातल्या दाईला चाळीस-पन्नासपर्यंत मोजता येत नाही. तर अंक शिकवत बसण्याऐवजी त्यांनी मणी दिले. ठरावीक श्वासांमागे एक मणी सरकवायचा, वाळू खाली पडेपर्यंत. शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया. हे यंत्र दाईला चूक ठरवत नाही. तिला जे दिसतं आहे त्याला ते आकार देतं. माझं अ‍ॅप नेमकं उलट करत होतं. आईला जे दिसत होतं, ते असू शकत नाही, असं ते तिला सांगत होतं.

* * *

आता तिसरी हरकत, आणि ती आईच्या वहीतून आली.

आईकडे सरकारी रजिस्टरं आहेत, शिवाय ही एक तिची स्वतःची वही आहे, शंभरपानी, कुणी मागत नाही अशी. तिच्यात वजन-उंचीपुढे ती एक-दोन शब्द लिहिते. 'हसायला लागला.' 'बोलत नाही अजून.' 'आईबरोबर नारायणगावला', म्हणजे टोमॅटोच्या कामाला. 'आजीकडे, रडतो.' 'गोष्ट पूर्ण ऐकली.' मी विचारलं, हे कशाला लिहितेस? ती म्हणाली, "पोरगं नुसतं वजन असतं का?"

तक्ता शरीर मोजतो. शरीर सरळ झालं की मूल सरळ झालं, असं आपण धरून चालतो. या गृहीतकाची परीक्षा जगात दोन ठिकाणी झाली आहे, आणि ती दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून वाचायला हवीत.

पहिलं ग्वाटेमालाचं. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या चार खेड्यांत हा प्रयोग झाला. दोन खेड्यांत मुलांना अतोले दिलं. ही तिथली मक्याची पेज. त्यात प्रथिनं आणि दुधाची भुकटी घातलेली होती. उरलेल्या दोन खेड्यांत नुसतं गोड पेय दिलं. मुलं मोठी होऊन कमावती झाल्यावर संशोधकांनी त्यांना गाठलं. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत ज्यांना अतोले मिळालं होतं, त्या पुरुषांची ताशी मजुरी ४६ टक्क्यांनी जास्त होती. तिसऱ्या वर्षानंतर मिळालेल्या पेजेनं असा फरक पडला नव्हता. बायकांच्या मजुरीत मात्र अशी वाढ दिसली नाही. पेज त्यांच्याही पोटात गेली होती. तिचं पैशात रूपांतर व्हायला जे लागतं, ते त्यांच्या गावात नव्हतं.

दुसरं जमैकाचं. १९८६-८७मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली १२९ खुजी मुलं घेतली, नऊ ते चोवीस महिन्यांची. काहींना दोन वर्षं दर आठवड्याला एक किलो दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर एक आरोग्यसेविका जात असे. ती आईला मुलाशी खेळायला, बोलायला, वस्तूंची नावं सांगायला शिकवायची. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. वीस वर्षांनी पाहिलं, तर ज्यांच्या घरी खेळ गेला होता त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्के जास्त होती. धडधाकट शेजाऱ्यांच्या बरोबरीला ती मुलं आली होती. नुसत्या दुधाच्या भुकटीचा परिणाम तोवर उरला नव्हता.

मुलांची संख्या लहान होती, हे मान्य. एका बेटावरची १२९ मुलं म्हणजे जग नव्हे. आणि ग्वाटेमालानं अन्नाचं महत्त्व दाखवलंच आहे. खाऊ की खेळ, असा हा वादच नाही. पण जमैकाच्या मुलांच्या तक्त्यावर बघितलं असतं, तर खेळ मिळालेलं मूल आणि न मिळालेलं मूल वेगळं ओळखू आलं नसतं. जे बदललं ते तक्त्याच्या बाहेर बदललं. तो डॅशबोर्ड मी केला असता, तर कार्यक्रम निरुपयोगी म्हणून लाल दाखवला असता.

* * *

आणि हे आपल्याला जमैकाकडून कळायला हवं होतं का?

'अंगणवाडी' हा शब्द सरकारी नाही. तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून आला. १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या, पुढे १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बालवाडी काढली तर वारल्यांची मुलं येईनात. तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. मोंटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, खडे, पानं, बिया घेतल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, गाणी म्हणणं आणि मोजायला शिकवणं ही त्यांच्या लेखी वेगवेगळी खाती नव्हती. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' मराठीत आहे, आपल्या शाळांच्या कपाटांत आहे. इंजिनिअरिंग करेपर्यंत मी ते उघडलं नव्हतं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ गटांत सुरू झाली आणि हे नाव देशभर गेलं. योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या जोडीला शाळापूर्व शिक्षणही होतं. पण जे मोजता येतं त्याचीच विचारणा होते. वजन विचारलं जातं, उंची विचारली जाते, किती जणांनी खिचडी खाल्ली ते विचारलं जातं. आई सांगते, बावीस वर्षांत 'कोणतं गाणं शिकवलं' असं मुख्यसेविकांपैकी दोघींनी विचारलं. त्या दोघींची नावं तिला अजून पाठ आहेत.

इथे वाचकाला वाटेल, मी माझ्या आईचं गुणगान करतो आहे. थोडं करतो आहे. पण तिच्या वहीवरही मला हरकत घेता येते. ती शंभर पानं फक्त तिला वाचता येतात. ती निवृत्त झाली की 'बोलत नाही अजून' या नोंदीचा अर्थ कुणाला लागणार नाही. तिच्या गावातली मुलं बारीक आहेत, हे तिला डोळ्यांनी दिसतं. पण शेजारच्या तालुक्यापेक्षा जास्त बारीक आहेत का, हे वहीतून कळत नाही. त्यासाठी तक्ताच लागतो. राज्याचा आकडा जागेवर थांबला आहे हे मला कुठल्या वहीतून कळलं नाही, सर्वेक्षणातून कळलं. आणि डोळ्यांना सवय होते. ज्या गावात सगळीच मुलं बारीक असतात, तिथे बारीक मूल बारीक दिसत नाही. आईनं स्वतः एकदा कबूल केलं की, सुरुवातीची काही वर्षं तिला आमच्या वाडीतली मुलं नॉर्मल वाटायची. मी त्याच मुलांतला एक होतो. तक्ता आला आणि तिला दिसायला लागलं.

म्हणून तक्त्याबद्दल माझं मत असं की, तो प्रश्न विचारायला उत्तम आहे आणि उत्तर द्यायला अपुरा आहे. ठिपका खाली पडला, इतकंच तो सांगतो. का पडला हे कळायला त्या घरी जावं लागतं. सून कधी जेवते, तिसरी मुलगी कुणाकडे असते, ओढा किती लांब आहे, घरात मुलाशी कुणी बोलतं का, हे विचारावं लागतं. ते विचारणारी बाई आपल्याकडे प्रत्येक गावात आहे. आपण तिला मानधन देतो, पगार देत नाही आणि तिचा अर्धा दिवस आकडे भरण्यात घालवतो. वर माझ्यासारखा कुणीतरी तिचे आकडे तपासतो.

* * *

नियम मी दुरुस्त केला. दोन ओळींचं काम होतं. 'आडवं की उभं' असा एक पर्याय टाकला, आणि आकडा कमी असला तरी अडवायचं नाही, फक्त 'पुन्हा एकदा मोजणार का?' असं विचारायचं. चाचणीच्या माहितीतले सारखे आकडे असलेल्या मुलांची यादी काढून मी संस्थेला पाठवली, त्यांची उंची पुन्हा मोजायला हवी म्हणून. सोबत चूक माझी आहे हेही लिहिलं. काही ठिकाणी मोजणी झाली. काही मुलं तोवर आईबापांबरोबर कामाला दुसरीकडे गेली होती.

मी आणखी एक गोष्ट सुचवली होती : प्रत्येक मुलापुढे शेरा लिहायला एक मोकळा रकाना. मीटिंगमध्ये विचारलं गेलं की, त्याचं विश्लेषण कसं करणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. रकाना झाला नाही.

आईच्या वहीतली ती मुलगी परवा सव्वादोन वर्षांची झाली. फोनवर मी विचारलं, किती भरली? आईनं आकडा सांगितला. अजून रेषेखालीच आहे. मग म्हणाली, "पण आता मदतनीस बाईंच्या मागं मागं फिरते आणि प्रत्येक पातेल्याचं नाव विचारते."

मी विचारलं, "वहीत लिहिलंस का?"

"तेच लिहीत होते. तुझा फोन आला."